कॅलिको म्युझियम, अहमदाबाद : नोंदणीपासून शेवटच्या दालनापर्यंत

अहमदाबादच्या शाहीबागेतले कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहायचे तर दारात जाऊन तिकीट काढायची सोय नाही. आधी नाव नोंदवावे लागते, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला फाटकाशी हजर राहावे लागते, आणि आत गेल्यावर सगळा वेळ मार्गदर्शकाबरोबर, गटानेच फिरावे लागते. मोबाइल नाही, कॅमेरा नाही, पिशवी नाही. आवडलेल्या कपड्यापुढे अर्धा तास रेंगाळण्याची मुभाही नाही. अनेक जण या अटी ऐकूनच बेत सोडून देतात. भारतातल्या जुन्या कापडाचा इतका मोठा आणि इतका नीट सांभाळलेला संग्रह दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून बेत सोडू नये असे मनापासून वाटते. तयारी मात्र घरूनच करून जावी लागते. ती कशी करायची आणि प्रत्यक्षात काय काय होते, ते क्रमाने लिहिते.

पहिले काम नोंदणीचे. आम्ही डिसेंबरात जायचे ठरवले आणि दिवाळी उरकताच नोंदणीला लागलो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून नाव, माणसांची संख्या, तारीख आणि ओळखपत्राचा तपशील द्यावा लागतो. रोज सकाळी साधारण वीसच माणसांचा गट आत घेतात. थंडीत परदेशी पर्यटक, डिझाइनचे विद्यार्थी आणि गुजरातेत लग्नाला आलेले पाहुणे असे सगळे एकाच वेळी तारखा मागत असतात, त्यामुळे शनिवार-रविवार आधी भरतात. मंगळवार किंवा गुरुवार मागितला तर शक्यता वाढते. बुधवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना संग्रहालय बंद असते. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तेव्हा लहान मूल बरोबर असेल तर त्याच्याजवळ कोण थांबणार ते आधीच ठरवा. प्रवेश विनामूल्य आहे. वेळा आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी फोन करून सगळे पुन्हा विचारून घ्यावे.

गाडीची तिकिटे नोंदणी पक्की झाल्यावरच काढा. उलट केले तर गाडी आहे आणि प्रवेश नाही अशी पंचाईत होते. उत्तर येईपर्यंतचे दिवस जरा अस्वस्थतेचे असतात, पण तो वेळ वाया जाऊ द्यायचा नाही. खरी तयारी त्याच दिवसांत होते.

तयारी म्हणजे पुस्तके पालथी घालणे नव्हे. घरातली कपाटे उघडायची. एक सुती साडी, एक रेशमी साडी, एखादी भरतकामाची ओढणी आणि जमल्यास पैठणी घेऊन दिवसाउजेडी खिडकीशी बसायचे. दहापट मोठे दाखवणारे भिंग दोन-तीनशे रुपयांना मिळते, ते घ्यायचे. आधी ताणा कोणता आणि बाणा कोणता ते ओळखायचे : साडीच्या काठाला समांतर, लांबीभर जातो तो ताणा, आणि एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो तो बाणा. मग प्रत्येक नक्षी पाहून एकच प्रश्न विचारायचा. ही नक्षी कापड विणायच्या आधी धाग्यावर आली, विणताना आली, की विणून झाल्यावर वरून आली? पटोळे (गुजरातची रेशमी साडी) पहिल्या प्रकारात, पैठणीचा पदर दुसऱ्यात, बांधणी, छपाई आणि भरतकाम तिसऱ्यात. एवढे बोटांना आणि डोळ्यांना सवयीचे झाले की संग्रहालयातल्या अडीच तासांत मन सैरभैर होत नाही.

पैठणी हाताशी असेल तर पदर उलटा करून जरूर पाहा. हातमागाच्या पैठणीत मोराच्या निळ्या पिसाचा धागा मोराच्या कडेपाशी जरीच्या धाग्यात गुंतून मागे वळतो. तो पुढे लोंबत जात नाही. म्हणून उलटी बाजूही जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची दाढी दिसली तर ते काम वेगळ्या पद्धतीचे, बहुधा यंत्रमागाचे. हीच युक्ती पुढे काश्मिरी शालींपाशी कामाला येते.

मुंबईहून रात्रीच्या गुजरात मेलने निघालात तर सकाळी अहमदाबादला उतरता. त्याच दिवशीची नोंदणी मात्र घेऊ नका. गाडी दोन तास उशिरा पोचली तर सगळाच बेत कोसळतो, आणि रात्रभर प्रवास करून आलेल्या डोळ्यांना मंद उजेडात बारीक टाके दिसत नाहीत. आदल्या दिवशी पोचून मुक्काम केलेला बरा. कालुपूर स्टेशनाजवळून शाहीबागेत जायला आम्हाला रिक्षाचे शंभर-सव्वाशे रुपये पडले. रिक्षावाल्याला ‘कॅलिको म्युझियम’ सांगून समजले नाही तर ‘शाहीबाग अंडरब्रिज’ सांगा. संग्रहालयाचे फाटक त्याच्या समोरच आहे.

साडेदहाच्या गटासाठी सव्वादहाला फाटकाशी पोचावे. नावे यादीशी ताडून पाहतात, मूळ ओळखपत्र मागतात. पिशव्या आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतात. गाडी ठरवून आला असाल तर वस्तू गाडीतच ठेवा. जवळ फक्त चष्मा, रुमाल, छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. वाचायचा आणि लांबचा चष्मा वेगळा असेल तर दोन्ही घ्या, कारण काही कापडे काचेमागे हातभर अंतरावर असतात. मध्ये बसायला फारशी संधी नसते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जायचे तर तसे नोंदणीच्या वेळीच सांगून विचारावे.

आतले आवार पाहिले की आधीची धाकधूक पार ओसरते. झाडी, मोर, पाणी, आणि गुजरातेतल्या जुन्या वाड्यांतून वाचवून आणलेले कोरीव लाकडी दर्शनी भाग. ही साराभाई कुटुंबाची ‘रिट्रीट’ नावाची वास्तू. अंबालाल साराभाई गिरणीमालक, आणि त्यांच्या भगिनी अनसूयाबेन यांनी १९१८ च्या गिरणी संपात गांधीजींबरोबर कामगारांची बाजू लावून धरली. अंबालाल समोर मालकांच्या बाजूला होते. अंबालालांची मुले गौतम आणि गिरा साराभाई यांनी हे संग्रहालय उभे केले. कल्पना कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींची : कापडाच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरात वस्त्रांचे संग्रहालय हवे, असे त्यांनी सुचवले होते. १९४९ मध्ये ते साराभाईंच्याच कॅलिको मिलच्या आवारात सुरू झाले आणि १९८३ मध्ये शाहीबागेत आले. गिरणीच्या पैशातून हातमागाचा हा ठेवा जपला गेला, हे आत फिरताना सारखे जाणवत राहते.

दालनांत उजेड अगदी कमी असतो. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही असे वाटते. डोळ्यांना सरावू द्या, आणि गटाच्या पुढे घुसायची घाई करू नका. उजेड कमी ठेवण्याला कारण आहे. प्रकाशाने रंग उडतो, रेशीम ठिसूळ होते, आणि हे नुकसान साठत जाते. अंधारात ठेवल्याने ते थांबते, पण भरून येत नाही. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या कापडासाठी साधारण ५० लक्स ही मर्यादा पाळतात. आपल्या घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षाही तो उजेड कमी असतो.

सुरुवातीच्या भागात दरबारी वस्त्रे, तंबूंची कापडे आणि गालिचे येतात. मोगल छावणी म्हणजे कापडाचे फिरते शहर होते, हे वाचून माहीत असते. कनातीची, म्हणजे तंबूभोवतीच्या कापडी भिंतीची, उंची डोळ्यांसमोर आली की ते पटते. इथे मार्गदर्शक भराभर पुढे नेतात. गटाबरोबर पुढे जा, मन मात्र पुढच्या पटोळ्यांसाठी राखून ठेवा.

उत्तर गुजरातेतल्या पाटणचे पटोळे म्हणजे दुहेरी इकत. ताण्याचे आणि बाण्याचे दोन्ही धागे विणण्याआधी नक्षीप्रमाणे सुती दोऱ्याने बांधतात आणि रंगवतात. एक रंग झाला की काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या, पुन्हा रंगवायचे. जितके रंग तितक्या वेळा हेच. मग मागावर दोन माणसे बसतात. माग एका बाजूला कललेला असतो. वीतभर कापड विणून झाले की ताण सैल करून सुईने एकेक धागा सरकवून नक्षी जुळवून घेतात. ताण्यातला लाल ठिपका आणि बाण्यातला लाल ठिपका एकमेकांवर बरोबर बसला तरच लाल शुद्ध दिसतो, नाहीतर दोन रंगांची मिसळ होते. एका साडीला चार-सहा महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात ते यामुळे.

काचेतून ओळखायचे कसे? नक्षीच्या कडा पाहा. दुहेरी इकतमध्ये कड चारही बाजूंनी किंचित पिसारल्यासारखी, पायऱ्यापायऱ्यांची असते. फक्त बाणा रंगवलेल्या एकेरी इकतमध्ये रंग आडवा पसरतो, वर-खाली नक्षी स्वच्छ राहते. फक्त ताणा रंगवला असेल तर उलट. राजकोटचे बाजारात मिळणारे पटोळे बहुतेक एकेरी असते, आणि किमतीतला मोठा फरक तिथूनच येतो. गुजरातीत म्हण आहे : ‘पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं’. पटोळ्यावर उमटलेली नक्षी कापड फाटले तरी पुसली जात नाही. रंग धाग्याच्या आरपार गेलेला असल्याने हे अक्षरशः खरे आहे. नारीकुंजर, पानभात, छाबडीभात ही नक्षींची नावे ऐकू आली की वहीत टिपून ठेवा, पुढे पाटणला गेलात तर उपयोगी पडतात. पटोळी समुद्रमार्गे इंडोनेशियात जात आणि तिथल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मानाची वस्त्रे म्हणून जपली जात.

यानंतर रंगवलेली आणि छापलेली सुती कापडे. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यांनाच द्यावा, कारण इथे कापडावरचे रसायन आणि काळाने केलेली मोडतोड दोन्ही साध्या डोळ्यांनी दिसतात. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांची रीत अशी : कापड धुऊन ते हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे. हिरड्यातून कषाय द्रव्य (टॅनिन) मिळते आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे पुढे लावलेले पाणी पसरत नाही, रेघ रेघेसारखी राहते. काळ्या रेघेसाठी गूळ आणि लोखंड कुजवून केलेले पाणी कलमाने ओढायचे. ते हिरड्याला भेटले की काळे होते. तांबड्यासाठी तुरटीचे पाणी. तुरटीला स्वतःचा रंग नाही, पण कापड चायमुळाच्या, म्हणजे तांबडा रंग देणाऱ्या मुळाच्या, काढ्यात उकळले की तुरटी लागलेला भागच तांबडा धरतो, बाकीचा पुढे धुऊन पांढरा होतो. निळ्यासाठी, जिथे निळे नको ते सगळे मेणाने झाकून कापड निळीच्या कुंडात बुडवायचे. पिवळा शेवटी हाताने भरायचा. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा.

आता काचेपुढे उभे राहून पानांकडे पाहा. बऱ्याच जुन्या कापडांवर पाने निळी दिसतात. कारागिराने ती हिरवीच केली होती, पण वरचा पिवळा कच्चा असल्याने दीड-दोनशे वर्षांत उडून गेला आणि खालची नीळ तेवढी राहिली. तसेच काळ्या रेघा निरखा. काही ठिकाणी रेघेच्या जागी कापडाला बारीक चीर पडलेली असते. लोखंडाने तिथले सूत हळूहळू खाऊन टाकलेले असते. शेजारचा तांबडा भाग धडधाकट असतो. युरोपला या कापडाने इतके वेड लावले की तिथल्या विणकरांचा धंदा बसू लागला. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, इंग्लंडने १७०० आणि पुन्हा १७२१ मध्ये कायदे केले. समोरच्या कापडावरचा तांबडा आजही तसाच आहे, आणि तो पाहताना या बंदीचे कारण समजते.

काश्मिरी शालींपाशी पैठणीची तयारी कामाला येते. कानी शाल विणलेली असते : बारीक लाकडी काड्यांवर गुंडाळलेले रंगीत धागे नक्षीपुरतेच जातात आणि शेजारच्या रंगात गुंतून मागे फिरतात. कोणत्या धाग्याखालून कोणती काडी न्यायची ते ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असते आणि वाचून दाखवले जाते. अमली शाल सुईने भरलेली असते. एकोणिसाव्या शतकात मागणी वाढली तेव्हा एकच शाल अनेक मागांवर तुकड्या-तुकड्यांनी विणून रफूगारांनी जोडली जाऊ लागली. मोठ्या कोयऱ्यांची नक्षी असलेल्या शालीत नक्षीच्या वळणांतून जाणारे हे सांधे शोधा. आधी दिसत नाहीत, एक सापडला की बाकीचे दिसू लागतात. कापड उलटून पाहता येत नाही, तेव्हा घडीचा दुमडलेला कोपरा कुठे दिसतो का ते पाहावे, उलटी बाजू तिथेच सापडते.

भरतकामाच्या दालनांत माणूस हरखून जातो आणि नेमके काय पाहायचे ते विसरतो. प्रत्येक प्रांताच्या कामात एकच गोष्ट ठरवून पाहिली तर लक्षात राहते. पंजाबच्या फुलकारीत धाग्याची दिशा पाहा. जाड सुती कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून, न पिळलेल्या रेशमाने टाके घालतात. उभे आणि आडवे टाके उजेड वेगवेगळा परतवतात, त्यामुळे एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. बंगालच्या कांथेत जमिनीकडे, म्हणजे टाक्यांखालच्या कापडाकडे, पाहा. जुनी धोतरे-साड्या थरावर थर लावून धावदोऱ्याने शिवलेल्या असतात आणि रंगीत दोरा साडीच्या जुन्या काठांतून काढलेला असतो. चंब्याच्या रुमालात दोन्ही बाजू सारख्या असतात, कारण टाका पुढून-मागून सारखाच भरलेला असतो. लखनौच्या चिकनकारीत जाळी पाहा : धागा एकही कापलेला नसतो, सुईने ताणे-बाणे बाजूला सारून भोके केलेली असतात.

कच्छ-सौराष्ट्राचे काम भरपूर आणि प्रांत म्हणून जवळचे. सगळ्यालाच ‘आरसेकाम’ म्हणून टाकू नये. मोची भरत हे आरीने, म्हणजे चांभाराच्या आकड्यासारख्या हत्याराने करतात. आरी वरून खाली जाते, खालचा दोरा ओढून वर आणते, आणि वर सलग साखळी टाका पडतो. साखळी इतकी बारीक आणि एकसारखी असते की सुईचे काम वाटतच नाही. सूफ भरत मात्र सुईचे, उलट्या बाजूने धागे मोजून केलेले आणि सगळे त्रिकोणी. त्यात आधी रेखाटन नसते.

पोर्तुगिजांसाठी सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्ये केलेल्या, पिवळ्या टसर धाग्याच्या गोधड्यांचा विषय निघाला तर कान द्या. आपल्याला ते काम गोव्याच्या वाटेने जवळचे आहे. चर्चमधल्या भरतकामाच्या वस्त्रांसाठी पुढे कधी जुन्या गोव्यातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहावे.   

हवेलीच्या भागात पुष्टिमार्गी (श्रीनाथजींना भजणाऱ्या वैष्णवांच्या) मंदिरांतल्या पिछवया, म्हणजे मूर्तीमागचे पडदे, आहेत. दोन तास उभे राहून झाल्यावर इथे पोचतो, त्यामुळे दमणूक होतेच. तरी शरद पौर्णिमेची, गोपाष्टमीची, पावसाळ्याची अशी ऋतू आणि उत्सवांप्रमाणे पिछवई बदलते हे ध्यानात ठेवून पाहिले तर डोळे पुन्हा ताजे होतात. पिछवई मूर्तीच्या मागे टांगायची असते. मधली जागा मोकळी किंवा साधी दिसली तर ती मूर्तीसाठी सोडलेली आहे असे समजावे.

एकच्या सुमाराला बाहेर पडलो की लगेच जेवायला धावू नये. जवळच्या सावलीत बसून वहीत जे आठवेल ते उतरवून काढावे. फोटो नसल्याने ही अर्ध्या तासाची नोंद सोन्यासारखी ठरते. कापडाचे नाव आठवले नाही तर कड कशी होती, रंग किती होते, टाका कोणता होता, एवढे लिहा. त्यावरून नाव पुढे सापडते. संग्रहालयाची स्वतःची प्रकाशनेही आहेत, विकत मिळत असतील तर पैसे बाहेरच्या सामानातच राहिलेत का ते आधी पाहा.

दुपारी वेळ असेल तर शाहीबागेतच मोती शाही महाल आहे. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्यासाठी तो बांधला. तिथे आता सरदार पटेलांचे स्मारक आहे. दुसरा दिवस पाटणसाठी ठेवावा, असे आग्रहाने सांगते. एसटीने साधारण तीन तास लागतात आणि भाडे दोनशेच्या आत बसते. राणीची वाव (पायऱ्यांची विहीर) पाहून साळवी कुटुंबाच्या पटोळा संग्रहालयात जा. तिथे गाठी बांधलेले धागे, कललेला माग आणि सुईने नक्षी जुळवणे प्रत्यक्ष दिसते. आधी कॅलिको आणि मग पाटण, हा क्रम चांगला : काचेमागे दिसलेल्या कडा इथे तयार होताना पाहता येतात.

परत आल्यावर घरातली जुनी रेशमी वस्त्रे तपासावीशी वाटतात, तेव्हा एवढे करा. जरीची साडी हँगरवर टांगू नका, वजनाने काठाजवळ फाटते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून सावलीत वारा द्या आणि नवी घडी जुन्या घडीच्या रेषेवर न घालता दुसरीकडे घाला, नाहीतर रेशीम नेमके त्या रेषेवर तुटते. काळ्या पडलेल्या जरीला लिंबू-चिंच लावून उजळवायला जाऊ नका. जरीतली चांदी खरी असेल तर वरचा सोन्याचा मुलामाच निघून जातो.